१५ मिमीवरून २८ मिमीवर जाताना: आधी तुमचा हुद्दा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धातली इटलीची मोहीम तुम्ही टेबलावरच्या युद्धखेळात, १५ मिमी मापाच्या छोट्या शिपायांच्या फिगर घेऊन खेळता. ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची एक पूर्ण कंपनी, समोर जर्मन आणि दोन्ही बाजूंना टँक, एवढा संग्रह रंगवून तयार आहे. आता चाळिशी उलटल्यावर बारीक फिगर रंगवताना डोळ्यांवर ताण येतो, २८ मिमीच्या फिगर पाहिल्या की मोह होतो आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी टेबलावर उभी करायची फार इच्छा आहे. सगळं विकून मोठ्या स्केलवर जावं का, आणि गेल्यास गाड्या १/५६ च्या घ्याव्यात की १/४८ च्या, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणणं असं की जरूर जा, पण जुनं विकू नका. आणि जाताना कंपनी घेऊन जाऊ नका, प्लॅटून, म्हणजे कंपनीचा साधारण तिसरा हिस्सा, घेऊन जा. स्केल बदलणं म्हणजे तीच लढाई मोठ्या आकारात खेळणं, असं समजून जो जातो त्याचं टेबल दोन महिन्यांत भरून वाहतं आणि खेळ अडतो. स्केल वाढलं की खेळणाऱ्याचा हुद्दा खाली येतो. १५ मिमीमध्ये तुम्ही मेजर असता, कंपनी हलवता. २८ मिमीमध्ये तुम्ही प्लॅटून कमांडर असता, आणि त्या काळच्या हिंदी पलटणीत तो बहुतेकदा जमादार, म्हणजे हिंदी अधिकाऱ्यांतला सर्वांत खालच्या हुद्द्याचा माणूस, असायचा. त्याला दिसतं तेवढंच तुमचं रणांगण.

हे आकड्यांत बघा. १५ मिमी म्हणजे साधारण १/१०० स्केल आणि २८ मिमी म्हणजे साधारण १/५६. १/१०० वरून १/५६ वर जाताना लांबी १.७९ पट होते, टेबलावर व्यापलेली जागा ३.२ पट आणि घनफळ ५.७ पट. पहिला आकडा ऐकून माणूस खरेदी करतो, दुसरा आकडा त्याला टेबलावर भेटतो आणि तिसरा कपाटात. शर्मन टँक प्रत्यक्षात सुमारे ५.८४ मीटर लांब आणि २.६२ मीटर रुंद. १/१०० मध्ये तो ५८ बाय २६ मिमी, १/५६ मध्ये १०४ बाय ४७. टायगर तोफेच्या नळीसकट साडेआठ मीटरच्या आसपास, म्हणजे १/५६ मध्ये १५ सेंटिमीटर. चर्चिल ७.४४ मीटर, म्हणजे १३ सेंटिमीटरहून थोडा जास्त.

आता टेबल घ्या. सहा बाय चार फुटांचं नेहमीचं टेबल १८३ सेंटिमीटर लांब असतं. ५६ ने गुणलं तर ते प्रत्यक्षातलं जेमतेम १०२ मीटर भरतं. एका बाजूला उभ्या शिपायाला दुसऱ्या बाजूच्या माणसाचा चेहरा ओळखू येईल एवढंच ते अंतर. १,००० मीटरवरच्या टँकवर तोफ डागायची झाली तर १/५६ च्या हिशेबाने तो टँक १८ मीटरवर, म्हणजे घराबाहेर ठेवावा लागेल. म्हणूनच नियम लिहिणारे जमिनीचं स्केल आणि फिगरचं स्केल वेगळं धरतात. बोल्ट अॅक्शन या २८ मिमीच्या खेळाच्या नियमांत रायफलचा पल्ला २४ इंच आहे. फिगरच्या मापाने ते ३४ मीटर झाले आणि ली-एनफिल्ड या खऱ्या ब्रिटिश रायफलच्या मानाने ते काहीच नाहीत, पण खेळात चालतं, कारण डोळा ते मान्य करतो. डोळ्याच्या या समजुतीला मर्यादा असते. दोन सेक्शन (दहा-दहा जणांच्या तुकड्या), एक मशीनगन आणि एक टँक असेल तोवर ती टिकते. सहा टँक एका रांगेत नळीला नळी लावून उभे केलेत की ती तुटते आणि सगळ्यांना टेबलावर पार्किंग लॉट दिसायला लागतो. १५ मिमीमध्येही ही तक्रार ऐकू येते, २८ मिमीमध्ये ती तिसऱ्या टँकपासून सुरू होते. माझा नियम साधा आहे: २८ मिमीमध्ये एका बाजूला एक टँक, फार तर दोन. दुसरा टँकही मी तेव्हाच ठेवतो जेव्हा तो उशिरा येणार असतो.

तुमचं मन ज्या गोष्टीकडे ओढतंय ती मात्र खरोखर २८ मिमीचीच आहे. नाईक यशवंत घाडगे यांची लढाई आठवा. १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर खोरं, ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे गनवर धावून गेले, ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने. पुढे स्नायपरच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही घटना १५ मिमीत कशी दाखवणार? एका बेसवर, म्हणजे फिगरखालच्या तबकडीवर, चार-पाच शिपाई चिकटवलेले, फासा पडला की अख्खा बेस उचलायचा. घाडगे त्या बेसमध्येच असतात आणि बेसबरोबरच जातात. प्रत्येक शिपाई स्वतंत्र बेसवर असेल, सेक्शन कमांडरला स्वतःची फिगर असेल आणि टॉमीगनचा १२ इंचांचा पल्ला हाच निर्णायक असेल, तेव्हा कुठे त्या प्रसंगातला निर्णय तुमच्या हातात येतो. हेच मोठ्या स्केलचं खरं देणं आहे. फिगर सुंदर दिसते हा त्यानंतरचा लाभ.

रंगवायचं काम वाढेल की कमी होईल, हेही यावरच ठरतं. १९४४ ची ब्रिटिश पद्धतीची प्लॅटून ३७ जणांची: तीन सेक्शन दहा-दहा जणांचे, आणि हेडक्वार्टरमध्ये सात जण, त्यातच दोन इंची मॉर्टर. कंपनी सुमारे सव्वाशेची. प्लॅटूनवर थांबलात तर आहे त्याच्या एक-तृतीयांश माणसं रंगवायची आहेत. प्रत्येकाला वेळ दुप्पट-तिप्पट लागेल, पण एकूण मेहनत आटोक्यात राहील. कंपनी रंगवायला घेतलीत तर काम अर्ध्यावर राहील आणि अर्धवट रंगवलेल्या फिगर पाहून नवीन पेटी उघडायची इच्छाही जाईल. हार्ड प्लास्टिकच्या एका पेटीत पंचवीस-तीस शिपाई मिळतात. एक पेटी, तिच्या जोडीला थोडे सुटे मेटल शिपाई, एक टँक, एक ब्रेन गन कॅरियर (पट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी). पहिल्या वर्षासाठी मी यापुढे जाऊ देणार नाही.

डोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. केवळ तेवढ्यासाठी स्केल बदलू नका. मोठी फिगर दिसायला सोपी असते, रंगवायला नाही. १५ मिमीमध्ये चेहरा म्हणजे एक ठिपका आणि त्यावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात. २८ मिमीमध्ये नाक, ओठ, हनुवटीचा पट्टा, वेबिंगचे (अंगावरच्या कापडी पट्ट्यांचे) बकल सगळं समोर येतं आणि प्रत्येक गोष्ट हात मागते. डोक्याला लावायचं भिंग आणि पांढऱ्या प्रकाशाचा चांगला दिवा आधी घ्या. दोन्ही स्केलना उपयोगी पडतील. ब्रश मात्र मोठा चालेल. शून्याचे ब्रश सोडून एक किंवा दोन नंबरचा, टोक न फाटणारा ब्रश वापरा. त्यात रंग जास्त मावतो आणि रेघ मध्येच सुकत नाही.

आता गाड्यांचा वाद. २८ मिमी हे माप मुळात पायापासून डोळ्यापर्यंतचं धरतात, निदान बहुतेक कंपन्या तसं धरतात. पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १ मीटर ६३ सेंटिमीटरवर असतात. त्याचे २८ मिमी केले तर स्केल येतं १/५८. म्हणजे १/५६ ही निवड हिशेबाला धरूनच आहे. मग १/५६ चा शर्मन शिपायांशेजारी लहान का वाटतो? दोन कारणं. फिगर दोन-तीन मिमी जाडीच्या बेसवर उभी असते आणि टँक थेट टेबलावर. शिवाय फिगरचं डोकं, हात आणि रायफल मुद्दाम जाड घडवलेले असतात. त्यामुळे काही जण तामियाचे १/४८ चे टँक घेतात. ते मॉडेल म्हणून उत्तम असतात, यात शंका नाही, पण १/५६ पेक्षा ते जवळजवळ १७ टक्के लांब आहेत, आणि जागेच्या हिशेबात ती वाढ ३६ टक्के होते. ज्या टेबलावर आधीच जेमतेम १०२ मीटर आहेत तिथे ही चैन परवडत नाही. माझा कौल १/५६ ला. खेळात गाडी किंचित लहान असलेलीच बरी. मालवाहू ट्रक किंवा जीप १/४८ किंवा जुन्या १/५० च्या डायकास्टमधून घेतली तरी कोणाच्या डोळ्यात येत नाही, कारण त्या मागे उभ्या राहतात आणि त्यांची लढणाऱ्या टँकशी तुलना होत नाही. एकाच जातीचे दोन टँक दोन स्केलचे मात्र कधीच घेऊ नका. दोन शर्मन शेजारी उभे राहिले की फरक खुपतो.

२० मिमीचा पर्यायही नजरेआड करू नये. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. शर्मन ८१ मिमीचा होतो आणि टेबलावरची जागा १५ मिमीच्या दुप्पटही लागत नाही. विमान आणि टँक दोन्हींची प्लास्टिक किट्स या स्केलमध्ये सर्वांत जास्त आहेत. तुमचा जीव टँकांत असता तर मी २० मिमीच सांगितलं असतं. पण तिथे स्वस्त फिगर बहुतेक मऊ पॉलिथिनच्या असतात. साबणाच्या पाण्यात धुवून लवचीक प्रायमर (रंगाआधीचा थर) दिला नाही तर रायफलच्या नळीवरून रंग सोलून येतो, आणि हे प्लास्टिक नेहमीच्या गोंदाला दाद देत नाही. जुन्या १/७६ च्या गाड्या त्यात मिसळल्या जातात, तो पाचेक टक्क्यांचा फरक सुसह्य आहे. तुम्हाला माणसं रंगवायची आहेत, चेहरे हवे आहेत. त्यामुळे २८ मिमी.

घरी रेझिन प्रिंटर असलेल्यांसाठी एक इशारा. १५ मिमीसाठी बनवलेली एसटीएल फाइल (त्रिमितीय प्रिंटचा आराखडा) १७९ टक्क्यांवर नेली की १/५६ चा टँक मिळतो, हे गणित बरोबर आहे, पण टँक चांगला निघत नाही. लहान स्केलसाठी फाइल करणारा तोफेची नळी, हँडल, रिव्हेट मुद्दाम जाड ठेवतो, नाही तर ते प्रिंटमध्ये मोडतात. तीच जाडी मोठी झाल्यावर नळी पाइपसारखी दिसते. मुळात १/५६ साठी केलेली फाइल घ्या. उलट्या दिशेने, मोठ्यावरून लहान करताना, निदान बारीक भाग जाड करून घेता येतात. टँकची हल (मुख्य धड) पोकळ करा, रेझिन बाहेर पडायला छिद्र ठेवा, नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर आणि मॅट वार्निश दोन्ही टाळा. दमट हवेत वार्निश पांढरं पडतं आणि महिन्याचं काम धुक्याखाली जातं. जून ते सप्टेंबर ब्रशनेच प्रायमर लावावा.

टेरेनकडे, म्हणजे टेबलावरच्या घरं-झाडं-रस्त्यांकडे, लोक शेवटी वळतात. खरं तर खर्च आणि जागा तिथेच जास्त जाते. बारा बाय दहा मीटरचं इटालियन शेतघर १/१०० मध्ये १२ बाय १० सेंटिमीटर, १/५६ मध्ये २१ बाय १८. अशी चार घरं ठेवली की गाव भरलं, खेळायला जागा उरली नाही. घराची उंची आणि दाराचं माप खरं ठेवा, पण लांबी-रुंदी दोन-तृतीयांश करा. शिपाई दाराशी उभा राहून बरोबर दिसला की उरलेलं घर कोणी मोजत नाही. रस्ता नऊ-दहा सेंटिमीटर रुंद लागेल. जुन्यातलं काय चालेल? कापडी मॅट, टेकड्या, शेतं, खड्डे आणि झाडं बहुतेक सगळी. दहा मीटरचं झाड १/५६ मध्ये १८ सेंटिमीटर होतं, पण १२ सेंटिमीटरचंही छान दिसतं. तुमच्या १५ मिमीच्या भिंती एक सेंटिमीटर उंच असतील तर नव्या शिपायाच्या गुडघ्यापर्यंतच येतील. त्यांना शेताचा बांध म्हणून वापरा. घरं मात्र नव्याने करावीच लागतील.

काहीही विकत घेण्याआधी एक काम करा, याचा आग्रह धरतो. पुठ्ठ्यातून टँकच्या मापाचे तुकडे कापा, १०४ बाय ४७ मिमीचे. शिपायांसाठी २५ मिमीच्या चकत्या. घरांसाठी मोकळी खोकी. आणि तुमच्या नेहमीच्या जोडीदाराबरोबर एक पूर्ण डाव खेळा. दोन तासांत कळेल की तुमच्या टेबलावर किती टँक मावतात, आणि प्लॅटूनच्या खेळात तुम्हाला खरंच रस वाटतो की कंपनी हलवण्याची सवय सुटत नाही. दुसरं निघालं तर २८ मिमी घेऊ नका. तो आनंद वेगळा आहे आणि १५ मिमीमध्येच मिळतो.

मराठा फिगरबद्दल. इटलीत त्यांच्या डोक्यावर बहुतेक वेळा नेहमीचं ब्रिटिश पद्धतीचं हेल्मेट असायचं, म्हणून पगडी असलेल्या खास फिगर शोधत बसायची गरज नाही. उन्हाळ्यात खाकी ड्रिल (पातळ सुती गणवेश), थंडीत लोकरी बॅटलड्रेस. टायबर खोरं खेळायचं असेल तर ड्रिल, हिवाळ्यातली मोहीम असेल तर बॅटलड्रेस. बॅटलड्रेससाठी व्हॅलेहो या रंगांच्या कंपनीचा इंग्लिश युनिफॉर्म रंग बहुतेक जण वापरतात आणि तो चांगला बसतो. चेहरा रंगवताना युरोपियन त्वचेच्या रंगात तपकिरी मिसळून तो गडद करण्याची पद्धत सोडा. त्याने चेहरा मातकट दिसतो. उबदार तपकिरी रंगाचा, बेज ब्राऊनसारख्याचा, थर आधी द्या. सावलीला काळा नको, लालसर तपकिरी वॉश द्या. नाक, गालाची हाडं आणि हनुवटी गेरूकडे झुकणाऱ्या रंगाने उजळा. आणि सगळ्यांना एकच रंग देऊ नका. आपली माणसं कोकणातली, देशावरची, वेगवेगळ्या वर्णांची. दोन-तीन मिश्रणं करून ती फिरवत राहा, सेक्शन लगेच जिवंत वाटेल. डोळ्यांत बुबुळं काढू नका. हातभर अंतरावरून फक्त सावली दिसते, आणि काढलेली बुबुळं शिपायाला दचकलेला करतात. १५ मिमीमध्ये तुम्ही पट्ट्यांभोवती काळी रेघ ओढत असाल. इथे तीच रेघ गडद तपकिरी करा, काळी रेघ या आकाराला चित्रकथेचं रूप देते.

जुना संग्रह विकू नका म्हणालो, त्याचं कारण आता सांगतो. ९ एप्रिल १९४५ ची सेनियो नदी. आठव्या हिंदी डिव्हिजनचा हल्ला, दोन्ही काठांना पुराचे उंच बांध, बांधांत खोदलेले जर्मन मोर्चे, आग ओकणारे टँक. डिव्हिजनचा हा हल्ला दाखवायचा तर १५ मिमीच हवं. त्याच दिवशी १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव कंपनी रनर (निरोप पोहोचवणारा) म्हणून नदी उतरले. बरोबरचे जखमी झाले. दोघांना एकेक करून पाठीवर घेऊन सुरुंगांमधून त्यांनी मागे आणलं, मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन मोर्चे बंद पाडले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि ग्रेनेड वापरले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्या कंपन्यांना बोलावलं. संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा भाग २८ मिमीचा आहे. सकाळी १५ मिमीमध्ये बटालियनचा हल्ला खेळा. ज्या ठिकाणी तो अडेल तेवढाच तुकडा, शंभर मीटरचा, संध्याकाळी २८ मिमीच्या टेबलावर मांडा. तिथे जो जिंकेल त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मोठं टेबल पुढे न्या. दोन स्केल एकमेकांना असे पूरक ठरतात, आणि तुमच्याकडे त्यातलं एक रंगवून तयार आहे.

सेनियोचा बांध करायला लागलात तर निळ्या किंवा गुलाबी एक्सपीएस फोमचा करा, थर्माकोलचा नको. थर्माकोल दाणे सोडतो. खरी उंची १/५६ मध्ये आणायचा हट्ट नको. शिपाई बांधामागे पूर्ण झाकला जाईल आणि माथ्यावर चढलेला सगळ्यांना दिसेल एवढी उंची पुरे. मेटलच्या फिगर उतारावरून घसरतात, म्हणून उतार तीस अंशांच्या आत ठेवा आणि त्यात बेस टेकेल इतक्या, तीन सेंटिमीटर रुंदीच्या अरुंद पायऱ्या कापून वर गवत चिकटवा. बेसच्या तळाला छोटं चुंबक आणि पायऱ्यांवर गवताखाली पत्र्याची पट्टी दिलीत तर हल्ल्याच्या मध्यावर कोणी खाली गडगडणार नाही.